ओळखीचा कॉलम

आमच्या आयटीत तिशीच्या आसपास माणसाला तीनपैकी एक काहीतरी होतंच: मॅरेथॉन, ट्रेकिंग नाहीतर डीएसएलआर. मला तिसरं झालं. पहिली काही वर्षं पेठांतले वाडे, पालखी, सिंहगडावरचं धुकं आणि शेजाऱ्यांची मांजर यांत मजेत गेली. सगळे म्हणायचे, "मस्त काढतोस रे!" पण 'मस्त काढतोस' आणि 'किती घेणार?' या दोन वाक्यांत केवढं अंतर असतं, ते मला २०२४ साली कळलं.

त्या वर्षी आमचा प्रोजेक्ट गुंडाळला गेला. निम्मी टीम बेंचवर गेली, मी वाचलो. घराचा हप्ता ४२ हजार आणि मुलगी सीनियर केजीत. बायको म्हणाली, "हा कॅमेरा कमावू शकतो का, ते एक वर्ष बघ तरी." तिने 'छंद' हा शब्द वापरला नाही, तेव्हाच गांभीर्य लक्षात आलं. मग एचआरकडून बाहेरच्या कामाची लेखी परवानगी काढली आणि जित्याच्या खोडीप्रमाणे एक्सेल उघडलं. तारीख, काम, रक्कम, अ‍ॅडव्हान्स, बाकी... आणि शेवटचा कॉलम, 'कोणाकडून आलं'.

दसरा २०२४ ते दसरा २०२५, एकूण कामं २६. त्यातली इन्स्टाग्रामवरून आलेली २. ऑफिसातल्या मित्रमंडळींकडून १ (बारसं, "आपल्यात कसले पैसे!" हेही ऐकून झालं :) ). उरलेली २३ फक्त तीन माणसांकडून आली. आणि गंमत म्हणजे वर्षापूर्वी या तिघांपैकी कोणीही मला ओळखत नव्हतं.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हेच मांडलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, की ज्याने सांगितलं तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? 'नेहमी' म्हणणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीच्यांची ओळख अधूनमधून किंवा अगदी क्वचित भेटण्यातली होती. कारण साधं आहे. आपल्या कट्ट्यावरच्या मित्रांना जे माहीत असतं, ते आपल्यालाही माहीत असतंच. नवीन बातमी कट्ट्याबाहेरच्या माणसाकडून येते. माझ्या फोटोंना लाइक देणारे निम्मे लोक स्वतःच फोटोग्राफर होते. ते मला काम कुठून देणार?

तर पहिला माणूस म्हणजे नारायण पेठेतले एक स्टुडिओवाले काका. मी प्रिंट काढायला जायचो. एकदा धीर करून विचारलं, "काका, लग्नाला सेकंड म्हणून येऊ का?" काका म्हणाले, "दीड हजार देईन, जेवण मिळेल. आणि नवरीच्या मामांवर लक्ष तू ठेवायचं. मामा अल्बममध्ये दिसले नाहीत तर बाकी पैसे अडकतात." एवढी प्रॅक्टिकल रिक्वायरमेंट मला कुठल्याही क्लायंटने आजवर दिलेली नाही!

दुसऱ्याच लग्नात एका बाईंनी माझं कार्ड मागितलं. खिशात नवी कोरी कार्डं होती, अगदी हात शिवशिवत होते. पण लग्न काकांचं, गिऱ्हाईक काकांचं. मी काकांचा नंबर दिला. मोह झाला नाही असं म्हणणार नाही, घरी येईपर्यंत हळहळत होतो. दोन महिन्यांनी काकांचा फोन आला. "अरे, एक अरंगेत्रम आहे. त्या दिवशी मला दोन मुहूर्त आहेत, तू जा. पैसे तुझे तू ठरव." फोन ठेवताना म्हणाले, "त्या बाईंनी सांगितलं मला, कार्डाचं." बस, एवढंच.

भरतनाट्यमच्या त्या गुरू म्हणजे दुसरं माणूस. मी आदल्या रविवारी तालमीला जाऊन बसलो. नाचात फ्लॅश चालत नाही, आणि सम कुठे येते ते कळलं नाही तर पोझ संपल्यावर शटर दाबलं जातं. कार्यक्रमानंतर फोटो पालकांना पाठवण्याआधी ताईंना दाखवले. माझ्या मते सर्वांत भारी असलेला फोटो त्यांनी पहिल्या मिनिटात उडवला. "चेहरा छान आहे, पण अरमंडी बसलेली नाही." तेव्हापासून निवड त्यांच्यासमोर बसूनच करतो. त्यांच्याकडून ८ कामं आली.

तिसऱ्या एक केटरर काकू. लग्नातल्या पंगतीतली ओळख. चातुर्मासात लग्नं जवळजवळ बंद, म्हणजे आषाढ ते कार्तिक सगळी लग्नाची मंडळी हात बांधून बसतात. पण काकूंना नेमके तेव्हाच उकडीचे मोदक आणि दिवाळीच्या फराळाचे फोटो हवे असतात. माझा पावसाळा त्यांच्या चकल्यांवर निघाला.

नाही म्हणायलाही लागलं. एका हॉटेलमालकाने मेनूचे ६० फोटो मागितले, मोबदल्यात 'नाव टाकतो, एक्सपोजर मिळेल'. म्हटलं, बँक हप्त्यात एक्सपोजर घेते का, विचारून सांगतो. त्यांचा परत फोन आला नाही.

आणखी एक गोष्ट, जी कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्ये नसते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर हक्क काढून घेणाऱ्याचा. फोटोग्राफरचा नाही! १९४७ साली कार्तिए-ब्रेसाँ, कापा वगैरे मंडळींनी मॅग्नम काढली, त्यामागे फोटोंचे हक्क आपल्याकडे राहावेत हाच मुद्दा होता. मी मॅग्नम काढू शकत नाही. पण कोटेशनखाली 'पोर्टफोलिओसाठी वापर' ही ओळ टाकतो आणि लहान मुलींचे फोटो असतील तर पालकांना वेगळं विचारतो.

वर्षाचा हिशोब: आले ३ लाख १२ हजार. लेन्सची भाडी, हार्ड डिस्क, पेट्रोल मिळून गेले ८४ हजार. उरले महिना १९ हजार. बायको म्हणाली, "म्हणजे हॉल आणि किचन कॅमेऱ्याचं, बेडरूम अजून कंपनीचीच."

"मग नोकरी कधी सोडतोस?" असं आता ऑफिसात विचारतात. गौतम राजाध्यक्ष १९७४ साली लिंटासमध्ये लागले आणि पूर्णवेळ फोटोग्राफीसाठी त्यांनी ती नोकरी सोडली १९८७ साली. राजाध्यक्षांनी तेरा वर्षं घेतली, तर आमच्यासारख्याने घाई कशाला करावी?

असो. यंदाच्या शीटमध्ये एक कॉलम वाढवलाय, 'मी कोणाला पाठवलं'. मुहूर्त एकावर एक आले की मलाही दोन जागी जाता येत नाही. आतापर्यंत तीन नोंदी झाल्यात. त्यातलं एक काम काकांना गेलं.