पाचशे किलोच्या आत

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार
एमआयडीसीला सुट्टी, शेडमध्ये शांतता. भाचा सकाळीच हजर. त्याचं दोन आसनी अ‍ॅल्युमिनियमचं विमान अजून पंखांविना जिगवर उभं आहे, रोटॅक्स ९१२ इंजिन खोक्यात आहे, आणि हा पठ्ठ्या भिंतीवर भारताचा नकाशा चिकटवतोय. मुंबई ते कोलकाता, वेगाचा विक्रम! म्हटलं, अरे, आधी धावपट्टीवरून उचलू तर दे. तर म्हणतो, "मामा, टाक्या पंखात बसतात. पंख रिव्हेट मारून बंद झाले की टाकी वाढवता येत नाही. मग कुठे जायचं ते आत्ताच नको ठरायला?"
याला उत्तर नव्हतं. चहा मागवला.

७ नोव्हेंबर
नियम वाचले. विक्रमाला शिक्का एफएआय या जागतिक संस्थेचा. भारतात तिचं काम एअरो क्लब ऑफ इंडिया बघतो. दोन शहरांमधलं सरळ अंतर भागिले लागलेला वेळ. वाटेत उतरायला बंदी नाही, पण घड्याळ थांबत नाही. वाकडे गेलात तर तो तोटा तुमचा, अंतर सरळच धरणार.

१० नोव्हेंबर, सोमवार
दुसरी शिफ्ट लावून दिली आणि कागद घेऊन बसलो. मुंबई–कोलकाता सुमारे १,६५० किमी. भाच्याचा हट्ट: ताशी २२० ने पळवायचं, मध्ये एकदा पेट्रोल भरायचं. म्हणजे साडेसात तास हवेत आणि तासभर खाली. साडेआठ तास, सरासरी १९४. मी म्हटलं, २०० ने जा आणि थांबूच नकोस. सव्वाआठ तास, सरासरी २००. हळू जाणारा आधी पोचतो!
त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आमच्या धंद्यात हे शेंबडं पोर सांगेल. सीएनसीवर कटिंगचा वेग वाढवून चार सेकंद वाचवायचे आणि जॉब काढण्या-लावण्यात दीड मिनिट घालवायचं, याला काय अर्थ आहे? वेळ खातं ते सेटिंग. आणि आपल्याकडच्या विमानतळावर उतरून, इंधनाची गाडी बोलावून, कागद करून तासाभरात परत उडणं हेही मी उदार मनानंच धरलंय.
दुसरं असं की हवेत वेग दहा टक्के वाढवायला ताकद तेहतीस टक्के जास्त लागते. ती वेगाच्या घनानं वाढते. ताशी १८ लिटर पिणारं इंजिन २४ पिणार. साडेसात तासांत १८० लिटर. हळू गेलं तर दीडशेत काम.

१२ नोव्हेंबर
रात्री रुटान बंधूंच्या व्हॉयेजरबद्दल वाचत बसलो. १९८६ चा डिसेंबर, कुठेही न उतरता, हवेत इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा. नऊ दिवस आणि वर काही मिनिटं. उड्डाणाच्या वजनापैकी सत्तर टक्क्यांहून जास्त नुसतं इंधन. त्या भारानं पंखांची टोकं धावपट्टीवर घासत गेली, तरी उडाले. आणि सरासरी वेग? जेमतेम १८६. भाच्याला फोन करून हा आकडा मुद्दाम ऐकवला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
आज घोळ झाला. एफएआयचे वर्ग उड्डाणाच्या वेळच्या वजनावर आहेत. ३०० ते ५०० किलो एक वर्ग, ५०० ते १,००० पुढचा. आमचं रिकामं विमान ३४०, भाचा कपड्यांसकट ७५, कोलकात्यापर्यंतचं आणि राखीव मिळून पावणेदोनशे लिटर पेट्रोल, म्हणजे १३० किलो. बेरीज ५४५. म्हणजे आपली शंभर घोड्यांची मोटर घेऊन दुप्पट ताकदीच्या विमानांच्या वर्गात उभं राहायचं. पंचेचाळीस किलो कमी करायचे तर साठ लिटर पेट्रोल सोडावं लागतं, आणि पेट्रोल सोडलं की थांबणं आलं.
बोलताना डोक्यावरून लोहगावच्या सुखोईंची जोडी गेली. दोघंही गप्प बसलो. तसंही काही ऐकू येत नव्हतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
माउलींचा संजीवन समाधी सोहळा. आळंदी रस्ता दिंड्यांनी भरलेला, माल घेऊन येणारा टेम्पो अडकला, निम्मे कामगार तिकडेच. मशीन बंद, म्हणून नकाशा पुन्हा काढला.
मुंबई–दिल्ली सुमारे १,१४० किमी. पावणेसहा तास, राखीव धरून १२० लिटर, ८९ किलो. बेरीज ५०४.
चार किलो!
शिवाय उलट जायचं, दिल्लीहून मुंबईला. हिवाळ्यात तिकडे वरचा वारा वायव्येकडचा, थोडा तरी पाठीवर मिळेल. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं, त्यामुळे फेब्रुवारी. कोलकात्याला खरा जोराचा पाठवारा पावसाळ्यातल्या नैर्ऋत्य वाऱ्याचा, पण तेव्हा सह्याद्री ढगात असतो आणि आपल्याला नजरेनं बघत उडायचंय.

२० नोव्हेंबर, गुरुवार
दाजी आले होते. त्यांचा ऊस जिथे जातो त्या कारखान्यात इथेनॉल होतं, म्हणून स्वारी खूश. पोरगा त्याच इथेनॉलनं हैराण. पंपावर आता वीस टक्के मिसळलेलं पेट्रोल, आणि या रोटॅक्सला मुभा दहापर्यंतच. इथेनॉल पाणी ओढतं, आणि लिटरमागे शक्ती पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी. वजन मात्र जास्त. बापलेकांचं जेवताना चांगलंच वाजलं. ताईनं दोघांनाही गप्प केलं.
मार्ग एकच, एव्हीगॅस. महाग, मोजक्याच विमानतळांवर मिळणारा, त्यातल्या शिशामुळे तेल लवकर बदलावं लागतं. पण हलका: १२० लिटर साधारण ८६ किलो. चारातले अडीच तिथेच गेले.

२४ नोव्हेंबर
परवान्याचा विषय निघाला की आमच्याकडे कॅप्टन अमोल यादव यांचं नाव निघतंच. तेव्हा जेट एअरवेजचे वैमानिक होते. चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीच्या प्रदर्शनात मांडलं, नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये (व्हीटी-एनएमडी), उडवायचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये, चाचणी २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर. म्हणजे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेल्या विमानाला परवान्यासाठी साडेतीन वर्षांहून जास्त. लोक गच्चीचं कौतुक करतात, मला कौतुक त्या साडेतीन वर्षांचं वाटतं. भाच्याला सांगितलं, फाइल आजपासून. प्रत्येक रिव्हेटचा फोटो, प्रत्येक पत्र्याचं टेस्ट सर्टिफिकेट. ऑटोच्या पार्ट्यांनी आम्हाला तेवढं तरी शिकवलंय.

२६ नोव्हेंबर
१९३० ची आगाखान बक्षिसाची शर्यत. अ‍ॅस्पी इंजिनिअर, वय सतरा, इंग्लंडहून कराचीकडे. जेआरडी टाटा कराचीहून उलट. इजिप्तमध्ये अबूकीरला अ‍ॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडलेले. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग दिले. बक्षीस अ‍ॅस्पींनी नेलं, काही तासांच्या फरकानं. पुढे ते हवाई दलप्रमुख झाले. सुटे भाग ठेवायच्या यादीत प्लग पहिले लिहिले. मग आठवलं, त्यांचंही वजन होतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
उरला दीड किलो. उजवीकडची सीट आणि पट्टे काढायचे ठरवले. भाचा म्हणतो रंगच नको, पत्रा पॉलिश करू. रंगाचे काही किलो सहज जातात. माझ्या मते दोन्ही करावं, कारण ३४० हा आकडा अजून कागदावरचा आहे. बांधून झालेलं विमान कागदापेक्षा हलकं निघाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. खरं वजन तीन चाकांखाली तीन काटे ठेवून घ्यावं लागतं. ट्रकच्या वजनकाट्याचा उपयोग नाही, तो पाच-दहा किलो इकडेतिकडे दाखवतो. गल्लीतल्या भंगारवाल्याकडे इलेक्ट्रॉनिक काटे आहेत, पण ते आधी प्रमाणित करून घेईन.
टाकी ठरली: प्रत्येक पंखात साठ लिटर. ड्रॉइंगवर सही केली, पत्रा उद्या कटिंगला.