मोत्याला हूक नाही

निवृत्तीनंतर तैलरंग शिकायला घेतले ते एकाच चित्रासाठी. आईच्या. ती जाऊन बावीस वर्षं झाली. तिचा एकटीचा असा एकच फोटो घरात आहे, कृष्णधवल, पोस्टकार्डाएवढा. सरांना तो दाखवला तर म्हणाले, "आधी एखाद्या जुन्या उस्तादाची नक्कल करा, मग आईकडे वळा."

आम्हा बडोदेकरांना चित्र म्हटलं की राजवाड्यातले रविवर्माच आठवतात. पण ते दागिने, ती जर नवशिकीला झेपणारी नव्हती. म्हणून गडद पार्श्वभूमीवरचा एकच चेहरा निवडला: डच चित्रकार व्हर्मेरची मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी. सुमारे १६६५ सालचं हे चित्र द हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. माप ४४.५ बाय ३९ सेंटिमीटर. मी कॅनव्हास त्याच मापाचा घेतला आणि चांगली छापील प्रत समोर टांगली.

चौकोन आखून रेखाटन, मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या तपकिरी रंगात नुसती उजेड-सावली. ती वाळल्यावर खरे रंग. खालचे थर पातळ ठेवायचे आणि जवसाचं तेल वरच्या थरांत वाढवत न्यायचं; उलट झालं तर पुढे रंगाला भेगा पडतात. दोन थरांमध्ये कित्येक दिवस थांबावं लागतं. स्वयंपाकघरातली माझी घाई इथे चालत नाही!

नाकाशी आल्यावर मात्र थबकले. त्या मुलीच्या नाकाचा दांडा उजळलेल्या गालात मिसळून गेला आहे, मध्ये रेषच नाही. मोतीही तसाच. वर एक ठळक पांढरा ठिपका, खाली पांढऱ्या कॉलरचं मंद प्रतिबिंब. कानात अडकवायला हूकसुद्धा नाही. २०१८ मध्ये संग्रहालयाने चित्राची बारकाईने तपासणी केली, तेव्हाही तो सापडला नाही. काळी दिसणारी पार्श्वभूमी मुळात हिरवा पडदा होती, हे मात्र कळलं. आपल्याला नाक ठाऊक असतं म्हणून आपण नाक काढतो. व्हर्मेरने फक्त प्रकाश ठेवला.

चार महिन्यांनी आईचा फोटो पुन्हा हातात घेतला. उन्हात काढलेला असल्याने तिचा एक गाल पांढराफटक आहे आणि कानातल्या मोत्यांच्या कुड्या म्हणजे नुसते दोन ठिपके. हे दोष कसे झाकायचे, ही पूर्वी मोठी काळजी होती. आता ठिपके ठिपक्यांसारखेच रंगवले, आणि लांबून पाहिलं तर कुड्या दिसल्या.

अडलं ते साडीवर. नक्कल करताना प्रत्येक शंकेचं उत्तर समोरच्या चित्रात होतं. इथे ते कुठे शोधायचं? बाबा म्हणतात साडी मोरपिशी होती. इंदूरची मावशी फोनवर ठामपणे सांगते, अंजिरी. साडी तर केव्हाच गेली.

बाबा आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. रोज संध्याकाळी त्यांना इझलशेजारी बसवते आणि विचारते. रंग अजून ठरत नाही; पण ती साडी नेसून आई कुठे निघाली होती, फोटो कोणी काढला, ती कशाला हसली, हे सगळं बाहेर पडतंय. साडीचा भाग मी अजून तपकिरीच ठेवला आहे. विचारायचं बरंच राहिलंय.