टाकीत मका, गव्हाणीत चोथा

भोसरी सुटली, मोशी मागे पडली आणि इंद्रायणीचा पूल ओलांडला, की नाशिक हायवेवर एक भन्नाट मिक्स दिसतं. पुढे नव्याकोऱ्या गाड्या नेणारा भलामोठा ट्रेलर आणि त्याच्या मागे कडबा लादलेला टेम्पो! चाकण म्हटलं की आपल्याला फोक्सवॅगन, बजाज, मर्सिडीज आठवतात. पण याच चाकणला दर शनिवारी गुरांचा बाजारही भरतो. आणि आता ट्रेलर आणि टेम्पोचं नातं थेट आपल्या पेट्रोलच्या टाकीत जुळलंय.

ते कसं? पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण 2025 मध्ये 20 टक्क्यांपर्यंत पोचलं. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली. ती पुढे सैल झाली, पण तोवर मक्याने बाजी मारली होती. एक टन मक्यातून साधारण 380 लिटर इथेनॉल निघतं. यीस्ट खातं फक्त स्टार्चपासून झालेली साखर. प्रोटीन, फॅट आणि तंतू मागे उरतात, म्हणजे जवळपास 300 किलो पशुखाद्य. गोठ्यात ते पेंडीच्या जोडीने चालतं.

मात्र हा चोथा ओला असतो आणि उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत खराब होतो. वाळवायचा तर भरपूर इंधन जाळावं लागतं. गोठा शेजारीच असेल तर हा खर्च वाचतो. आणि गोठे इथे हाकेच्या अंतरावर आहेत! खेड आणि आंबेगाव तालुक्यांत घरोघरी दुभती जनावरं. मंचरला तर भाग्यलक्ष्मीसारखा मोठा, आधुनिक डेअरी फार्म आहे.

मग गावागावांत छोटी डिस्टिलरी का नाही? उत्तरासाठी फलटणला जायला हवं. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी 1981 मध्ये अमेरिकेहून आले. तिथे गोड ज्वारीच्या रसापासून सौरऊर्जेवर अल्कोहोल गाळण्याचा छोटा प्लांट उभा राहिला. कणसातले दाणे माणसाला, रस इंधनाला, पाला-चिपाड गुरांना. एकाच पिकात सगळं! निम्म्याच्या आसपास पाणी असलेल्या अल्कोहोलवर चालणारा स्टोव्हही त्यांनी बनवला.

स्टोव्हला पाणी चालतं, गाडीला चालत नाही. साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल 95-96 टक्क्यांपर्यंतच शुद्ध होतं. पेट्रोलमध्ये मिसळायला मात्र 99.5 टक्के लागतं. ते उरलेलं पाणी काढायची यंत्रणा महाग. त्यात उत्पादन शुल्क खात्याचे परवाने. चार-सहा म्हशींच्या मालकाला हे परवडणार कसं? म्हणून खेळ मोठ्यांच्या हातात गेला.

आणि बिल येतं गोठ्यात. मक्याला टाकीकडून मागणी वाढली, की पशुखाद्याचं पोतंही महागतं. चोथ्याला आणखी एक काळजी आहे. मक्याला बुरशी लागलेली असेल, तर तिचं विष चोथ्यात सुमारे तिप्पट तीव्र होतं आणि दुधात उतरू शकतं. म्हणजे तपासणी नीट झाली नाही, तर फटका थेट आपल्या सकाळच्या कॉफीला!

एखाद्या शनिवारी लाँग ड्राइव्हला निघालात, तर चाकणला अर्धा तास थांबा. बाजारात कडब्याचा आणि पेंडीचा भाव विचारा. पेट्रोल पंपावरच्या आकड्यासोबत आता तोही माहीत असायला हवा.