चार तासांचें गणित

थंडी म्हणजे काय हें आम्हांस कोणी शिकवावें, असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. आम्ही निफाडचे. महाराष्ट्रांत कडाक्याची थंडी पडली कीं वर्तमानपत्रांत पहिलें नांव बहुधा निफाडचें येतें. पारा चार-पांच अंशांवर उतरतो आणि द्राक्षांचे बागाईतदार पहांटे बागांतून शेकोट्या पेटवून घडांना ऊब देतात. त्या गांवीं आम्हीं बत्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलें, आणि पौषांतल्या पहांटेसही गार पाण्याचें स्नान चुकविलें नाहीं. तेव्हां २०१९ च्या जानेवारींत आम्ही उभयतां कॅनडांत विनिपेग येथें चिरंजीवांकडे जावयास निघालों, त्या वेळीं आप्तांनीं आणून दिलेले लोकरीचे कपडे केवळ त्यांच्या समाधानाकरितां आम्हीं बरोबर घेतले. विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकून पहिला श्वास घेतला, तों नाकांतले केस गोठून ताठ झाले. निफाडचा अभिमान तेथेंच संपला.

विनिपेग हें मॅनिटोबा प्रांताचें राजधानीचें शहर. सभोंवतीं कोसच्या कोस सपाट प्रदेश, समुद्र दूर, आणि उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्यास वाटेंत अडविणारा एकही डोंगर नाहीं. शहरांत रेड आणि असिनिबॉइन या दोन नद्यांचा संगम आहे. पण हिवाळ्यांत संगमस्नानाऐवजीं लोक पायांत धारदार पात्यांचे बूट चढवून नदीवरून घसरत जातात. कालिदासानें ऋतुसंहाराच्या पांचव्या सर्गांत शिशिर वर्णिला आहे. त्यांतलीं माणसें खिडक्या लावून घेऊन अग्नीच्या उबेस बसतात. आम्हीं तो सर्ग अनेकदां वाचला आहे, परंतु त्या माणसांपैकीं कोणासही सकाळीं सात वाजतां कामावर हजर व्हावयाचें नव्हतें, हें पूर्वीं ध्यानांत आलें नव्हतें.

आमच्या सूनबाई तेथें एका रुग्णालयांत परिचारिका आहेत. चिरंजीव बसनें कचेरींत जातात, आणि घरांतली एकुलती एक मोटार, १९९८ सालची, म्हणजे त्या वेळीं एकवीस वर्षांची, ती सूनबाई वापरीत. या मोटारीच्या पुढच्या जाळींतून विजेची एक वायर खालीं लोंबत होती. आम्हांस वाटलें, म्हातारपणामुळें गाडीचें आंतडें बाहेर आलें आहे. आम्हीं तसें बोलूनही दाखविलें. चिरंजीव हंसले, आणि त्यांनीं आम्हांस दाराशीं नेऊन गल्लींतल्या मोटारी दाखविल्या. बहुतेक प्रत्येकीच्या तोंडाशीं तसेंच एक शेपूट लोंबत होतें.

ही वायर यंत्राच्या पोटांतल्या एका लहानशा शेगडीची. रात्रीं ती घराबाहेरच्या प्लगांत खोचावयाची, कीं यंत्राभोंवतीं खेळणारें पाणी कोमट राहतें. पाणी म्हणजे निव्वळ पाणी नव्हे; त्यांत निम्मा भाग ग्लायकॉल मिसळलेलें असतें, म्हणून उणे ३५ अंशांपर्यंत तें गोठून यंत्राचा सांगाडा फोडीत नाहीं. अशी एक शेगडी विनिपेगच्या दक्षिणेस, सरहद्दीपलीकडे ग्रँड फोर्क्स गांवच्या अँड्र्यू फ्रीमन नांवाच्या गृहस्थांनीं तयार केली, आणि १९४९ सालीं तिचें पेटंट घेतलें. मोठ्या चाळींच्या आणि कचेऱ्यांच्या वाहनतळांवरही ओळीनें खांब उभारून त्यांवर प्लग बसविलेले आम्हीं पाहिले. जुन्या काळीं टांग्याच्या अड्ड्यावर घोडे बांधावेत तशा मोटारी त्यांना बांधलेल्या असतात.

हा खटाटोप कशासाठीं, हें चिरंजीवांनीं समजावून सांगितलें. विज्ञानाशीं आमचा संबंध मॅट्रिकपर्यंतचा. शिकविणारा मुलगा आणि शिकणारा बाप, ही उलटी शाळाही आम्हांस नवीन. आपल्याकडे मार्गशीर्ष लागला कीं खोबरेलाची बाटली थिजते आणि उन्हांत ठेवावी लागते. यंत्रांतलें तेल अगदीं तसें थिजत नाहीं, परंतु काकवीसारखें दाट होतें, आणि त्यांतून यंत्र फिरविण्यास एरवींपेक्षां कितीतरी अधिक जोर लागतो. तो जोर द्यावयाचा बॅटरीनें. आणि बॅटरीच्या पोटांतली रासायनिक क्रिया थंडीनें मंदावलेली, त्यामुळें ती नेमकी त्याच वेळीं निम्म्यानें दुबळी झालेली. त्यांतच पेट्रोलची वाफ होईनाशी होते, आणि वाफेवांचून तें पेटत नाहीं. आमच्या थोरल्या बंधूंची जुनी मोटार निफाडच्या थंडींत रुसली, कीं आम्ही चोक ओढीत असूं, आणि तेवढ्यानें न भागलें तर चार मुलें बोलावून उतारावरून ढकलीत असूं. विनिपेगांत उतार नाहीं. आणि ही मोटार आपोआप गिअर बदलणारी, ती ढकलून सुरू होत नाहीं.

रोज सायंकाळीं सात वाजतां चिरंजीव वायर खोचून येत आणि मागील दारालगतचें बटण दाबीत. सकाळीं सहापर्यंत शेगडी चाले. आम्हीं विचारलें, शेगडी किती वॅटची? म्हणाले, चारशें. यंत्र गरम होण्यास वेळ किती? म्हणाले, चार तास पुष्कळ झाले. झालें! आमच्यांतला मास्तर जागा झाला. अकरा तास म्हणजे ४.४ युनिट, आणि चार तासांस १.६. रोजचीं २.८ युनिटें व्यर्थ! जन्मभर रिकाम्या खोलींतला दिवा मालवीत आलेल्या माणसास हें साहवणें कठीण. त्याच रात्रीं अकरा वाजतां, चार तास बरोबर भरल्यावर, आम्हीं बटण बंद केलें, आणि एक हिशेब नीट केल्याच्या समाधानानें निजलों.

आमच्या गणितांत चूक नव्हती. चार तास पुरेसे होते खरे. पण ते कोणते चार, हा प्रश्न आम्हांस पडलाच नाहीं. जानेवारीची अखेर होती. त्या रात्रीं पारा उणे ३५ च्या खालीं उतरला, आणि अकरापर्यंत मिळविलेली ऊब पहांटेपूर्वींच कोठल्याकोठें निघून गेली.

सकाळीं सहाला आम्हांस जाग आली ती एका कण्हण्यानें. मोटार बाहेर कण्हत होती. मग तेंही थांबलें आणि नुसतें टक्-टक् ऐकूं येऊं लागलें. खिडकीच्या कांचेवरचें बर्फ नखानें खरवडून पाहिलें, तों चिरंजीव टोपडें उघडून उभे होते आणि सूनबाई दूरध्वनीवर बोलत होत्या. त्या पोहोंचेपर्यंत रात्रपाळीच्या बाईंस आपला वॉर्ड सोडतां येणार नव्हता, आणि त्यांचेंही लहान मूल घरीं वाट पाहत होतें. हें आम्हांस तिच्या बोलण्यावरूनच कळलें. आम्हीं अंगावर होतें नव्हतें तें सारें चढविलें आणि बाहेर गेलों. बटणाचें नांव मात्र तोंडांतून निघालें नाहीं.

शेजारचे वृद्ध गृहस्थ मूळचे युक्रेनियन घराण्यांतले. न बोलावतां ते आपली गाडी घेऊन आले आणि दोन जाड तारा त्यांनीं काढल्या. प्रथम त्यांनीं आमच्या बॅटरीवर विजेरीचा झोत टाकून ती फुगली किंवा तडकली नाहीं ना, हें पाहिलें. पार उतरलेली बॅटरी गोठते, आणि गोठलेलीस वीज दिली तर ती फुटते. मग तांबडी तार धनाग्रास धनाग्र अशी जोडली. काळीचें एक टोंक त्यांच्या बॅटरीच्या ऋणाग्रास लावलें, आणि दुसरें आमच्या बॅटरीस न लावतां यंत्राच्या उघड्या लोखंडास लावलें, म्हणजे ठिणगी उडालीच तर बॅटरीपासून दूर उडावी. तिसऱ्या प्रयत्नास मोटार खोकली आणि धडधडूं लागली.

गाडी वाटेंत बंद पडूं नये म्हणून चिरंजीव स्वतः हांकावयास बसले, आणि आम्ही हट्टानें मागें बसलों. गाडी हलली तशी धब्-धब् करूं लागली. रात्रभर उभ्या राहिलेल्या चाकांचें रबर जमिनीशीं टेकलें तेथें चपटें होऊन गोठलें होतें, आणि मैलभर जाऊन तें ऊन होईपर्यंत चाकें जणूं चौकोनीच राहिलीं. आमचा तिघांचा श्वास कांचांना आंतून बर्फ होऊन चिकटत होता. चिरंजीव अगदीं हळू, यंत्रास जराही न दामटतां नेत होते. मध्येंच ते म्हणाले, "वायर मीच नीट खोचली नसणार. काल घाईंत होतों." सूनबाई म्हणाल्या, "जाऊं दे आतां." आम्ही मागें बसून खिडकीकडे पाहत होतों. त्या कांचेंतून दिसत कांहींच नव्हतें.

सूनबाईंस पाऊण तास उशीर झाला.

सायंकाळीं चिरंजीव दीडशें डॉलर मोजून नवी बॅटरी घेऊन आले. हातमोज्यांनीं नट धरतां येईना, म्हणून मोजे काढून उघड्या बोटांनीं ते काम करूं लागले, आणि आम्हीं विजेरी धरली. उणे ३० अंशांत उघडें लोखंड म्हणजे निखाराच. दर मिनिटास ते हात काढून कांखेंत दाबीत. बोटांचीं टोंकें पांढरीं पडलेलीं आम्हांस झोतांत स्पष्ट दिसत होतीं. तेव्हां मात्र राहवेना. आम्हीं सांगितलें, कीं रात्रीं अकरा वाजतां बटण आम्हीं बंद केलें होतें.

ते क्षणभर थांबले. मग नट फिरवीत म्हणाले, "बॅटरी तशीही जुनीच झाली होती, बाबा." आम्ही चाळीस वर्षें त्यांचे बाप आहों, मन राखण्यासाठीं बोललेलें आम्हांस ओळखूं येतें.

घरांत येऊन आम्हीं सूनबाईंसही सांगितलें. त्या पोळ्या लाटीत होत्या. म्हणाल्या, "पहांटे उठलें तेव्हांच बटण बंद दिसलें, बाबा. मीं लावून टाकलें." म्हणजे नवरा स्वतःस दोष देत होता तेव्हां हिला सारें ठाऊक होतें, आणि सासऱ्याचें नांव पुढें येऊं नये म्हणून ही गप्प बसली होती. काय बोलावें तें आम्हांस सुचलें नाहीं. आमच्या सौभाग्यवतींस मात्र पुष्कळ सुचलें. तें येथें देत नाहीं. चिरंजीवांनीं पुढें हिशेब करून सांगितलें, कीं त्या रात्रीं आम्हीं विजेचे सुमारें पाव डॉलर वांचविले.

जेवणानंतर ते म्हणाले, "बाबा, तुम्ही पहांटे दोनला उठतांच ना?" या वयांत उठावें लागतेंच. "मग बटण आजपासून तुमच्याकडे."

मार्चच्या अखेरीस निफाडला परतेपर्यंत तें काम आम्हीं केलें. दुसऱ्याच दिवशीं सूनबाईंनीं बटणाखालीं भिंतीवर पेन्सिलीनें '२ ते ६' असें लिहून ठेवलें. आमच्या सात वर्षांच्या नातवानें त्यापुढें तांबड्या खडूनें, मास्तर करतात तशी, बरोबरची खूण केली.