दोन रुपयांचे मंत्री

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरास उतरलेल्या प्रवाशाला विधानभवनाचा रस्ता विचारावा लागत नाही. मोर्चे ज्या दिशेने चालले असतील त्या दिशेने पावले टाकली, म्हणजे झाले. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटाशी पोलिसांनी अडविलेल्या एका घोळक्याच्या कडेला, हातात तर्रीपोह्यांची बशी आणि काखेत निवेदनाची गुंडाळी धरून एक वृद्ध गृहस्थ उभे होते, आणि तर्रीचा थेंब कागदावर पडू नये म्हणून त्यांनी चालविलेली दक्षता पाहता पाहता माझे मन याच शहरातील एका जुन्या कौन्सिलाकडे वळले.

१९२३ साली मध्यप्रांताच्या कायदेकौन्सिलाची निवडणूक झाली, तेव्हा मताचा अधिकार सारा, घरभाडे किंवा प्राप्तिकर यांच्या मापाने मोजला जात होता आणि बहुतेक सारी रयत उंबरठ्याबाहेरच होती. तरीही डॉ. मुंजे प्रभृतींच्या स्वराज्य पक्षाला येथे जे निर्विवाद बहुमत मिळाले, ते त्यास अन्य कोणत्याही प्रांतात लाभले नाही. आणि कौन्सिलात शिरून सरकारची अडवणूक करायची, या धोरणाला जागून विजयी मंडळींनी मंत्रिपदे साफ नाकारली! गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी दुसरे मंत्री नेमले, तर कौन्सिलाने त्यांच्यावर अविश्वास दाखविला आणि त्यांचे वार्षिक वेतन दोन रुपयांवर आणून ठेविले. सरळ शून्य न लिहिता दोन रुपये मंजूर करण्यात खास नागपुरी खट्याळपणा आहे, असे मला तरी वाटते. अखेर मंत्री गेले आणि मंत्र्यांकडे सोपविलेली ‘सोपीव’ खाती गव्हर्नरांनी स्वतःच्या हाती घेतली.

पुढे १९२५ साली त्याच पक्षाचे सभासद आणि त्याच कौन्सिलाचे अध्यक्ष असलेले अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे गव्हर्नरांच्या कार्यकारी मंडळात जाऊन बसले. पक्षात दुफळी माजली, पक्षातील केळकर, जयकर, मुंजे यांनी प्रतियोगी सहकाराचा, म्हणजे सरकार जसे वागेल तसे त्याच्याशी वागण्याचा, मार्ग धरिला, आणि १९२९ मध्ये तांबे काही काळ हंगामी गव्हर्नरही झाले. त्यांना फितूर ठरविणे सोपे आहे. परंतु अडवणूक करणाऱ्या सभासदाच्या दारीही शाळा, रस्ता, दवाखाना मागणारा मतदार येतोच, हे पक्षशिस्तीच्या अभिमान्यांनी ध्यानात घेतलेले दिसत नाही.

पण दारी येणारा तो मतदार तरी मूठभरांपैकीच होता. इंग्रजांच्याच अमलाखालील जमैका बेटात १९४४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक प्रौढाला मताचा अधिकार होता. आमच्याकडे १९४६ मध्येही मतदारयादी संकुचितच राहिली, आणि नागपूरच्या कोष्ट्यास व हमालास तो अधिकार मिळण्यासाठी इंग्रज जाऊन १९५१-५२ उजाडावे लागले.