शून्यावर चार

चि. ओंकार,

तू पाठवलेली हेडिंग्ले कसोटीची जुनी चित्रफीत घरात सगळ्यांनी पाहिली. धावफलकावर धावा शून्य, बळी चार. फलक बिघडला होता का, असं विचारलंस. नाही रे. तुझ्याच लीड्समध्ये, ७ जून १९५२ च्या शनिवारी दुपारी तो खरोखर तसा लागला होता.

भारताचा दुसरा डाव सुरू झाला आणि चौदा चेंडूंत पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर तंबूत परतले. गायकवाडांना इंग्लंडच्या अ‍ॅलेक बेडसरने बाद केलं, बाकी तिघांना फ्रेड ट्रूमनने. हा ट्रूमन २१ वर्षांचा, हवाई दलात सक्तीची सेवा करणारा, पहिलीच कसोटी खेळणारा. चेंडू सोडताना त्याचा डावा खांदा फलंदाजाकडे वळतो आणि मागचा पाय जमिनीवर घासत येतो, ते पुन्हा सावकाश बघ. त्या मालिकेत त्याने २९ बळी घेतले.

पण एवढंच लक्षात राहिलं, तर मांजरेकरांवर फार अन्याय होतो. याच सामन्याच्या पहिल्या दिवशी भारत ३ बाद ४२ असताना हा वीस वर्षांचा मुंबईकर कर्णधार विजय हजारेंच्या जोडीला उभा राहिला. हजारे मूळचे सांगलीचे. दोघांनी २२२ धावा जोडल्या. मांजरेकर १३३, हजारे ८९. मग २६४ या एकाच धावसंख्येवर तीन गडी गेले आणि डाव २९३ वर आटोपला.

शून्यावर चार झाल्यावरही हजारे डगमगले नाहीत. त्यांनी ५६ केल्या, कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनी ६४. सहाव्या गड्यासाठी दोघांची १०५ धावांची भागीदारी झाली. भारत १६५ वर बाद झाला, इंग्लंड सात गडी राखून जिंकलं.

खरी खंत वेगळीच. विनू मंकड या सामन्यात नव्हतेच; ते तेव्हा शेजारच्या लँकेशायरमध्येच हॅसलिंग्डनसाठी लीग खेळत होते. भारतीय संघात निवडीची हमी क्रिकेट मंडळाने दिली नाही, म्हणून त्यांनी लीगचा तो करार केला होता. पुढच्या लॉर्ड्स कसोटीला त्यांना बोलावलं, तेव्हा त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, वर ७३ षटकं टाकून पाच बळी घेतले. तोही सामना आपण हरलो.

त्या लॉर्ड्सची चित्रफीत कुठे सापडली, तर नक्की पाठव. आजोबांना मंकडांची फलंदाजी दाखवायची आहे.

तुझा,
मामा