छावणीतली पंगत

खाम नदी ओलांडून छावणीत शिरलं की छत्रपती संभाजीनगरचा गलका मागे पडतो. हैदराबाद कंटिन्जंटच्या फौजेमुळे वाढलेली ही वस्ती. इथलं ख्राइस्ट चर्च आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन हे चर्च झालं. त्यांत अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले, हेही होते, आणि छावणीतल्या उपासनेला ते वळण अजून आहे.

अँग्लिकनांचा विश्वास समजून घ्यायचा तर त्यांचं प्रार्थनेचं पुस्तक उघडावं. थॉमस क्रॅन्मरने 1549मध्ये सिद्ध केलेल्या आणि 1662मध्ये स्थिरावलेल्या या पुस्तकात उपासना पाळकाच्या एकट्याच्या हाती राहत नाही. पापकबुली सगळ्यांनी मोठ्याने म्हणायची, तीही 'आम्ही' म्हणून. विश्वासांगीकार उभं राहून म्हणायचा. ज्याच्या मनात त्या दिवशी प्रार्थनेचं बळ नसेल, त्यालाही शेजारच्याचा आवाज सोबत घेऊन जातो. मला यात मोठी दया दिसते.

पण मन खरं थबकतं ते प्रभुभोजनापाशी. माणसं ओळीने पुढे येतात, वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकतात. डाव्या तळहातावर उजवा तळहात ठेवतात, त्यावर भाकरीचा तुकडा येतो. मग द्राक्षारसाचा प्याला. डोक्यावर पदर घेतलेली खेड्यातली म्हातारी घोट घेते; पाळकसाहेब पांढऱ्या कापडाने काठ पुसतात, प्याला जरा फिरवतात आणि शेजारच्या माणसाच्या ओठांशी नेतात. तो कचेरीत साहेब असेल, नाहीतर कॉलेजात शिकणारा पोरगा. प्याला एकच. ही पंगतच आहे, फक्त इथे कुणाला वेगळं बसवलेलं नाही.

चर्च ऑफ इंग्लंडच्या 1571च्या एकोणचाळीस कलमांतलं तिसावं कलम सांगतं की प्रभूचा प्याला सामान्य भाविकांना नाकारू नये. मध्ययुगात युरोपात तो धर्मगुरूंपुरताच राहिला होता. भांडण त्यावरचं होतं. लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही मराठवाडा नसणार. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्च मिशनरी सोसायटीचं काम या भागात रुजलं, जन्माने पारशी असलेले पाळक रतनजी नवरोजी तेव्हाच्या औरंगाबादेत झटले, आणि आसपासच्या खेड्यांतली माणसं ख्रिस्ती मंडळीत आली. त्यांतली बरीचशी महार-मांग समाजांतली. गावच्या विहिरीला हात लावायची ज्यांना बंदी, पाणी वरून ओंजळीत ओतून घ्यायचं ज्यांच्या नशिबी, त्यांच्या ओठांना हा प्याला लागला. इंग्लंडातल्या कलमाला खरा अर्थ इथे आला, असं मी म्हणेन.

या मातीला ही ओढ नवी नव्हती. जवळच्याच पैठणला एकनाथांनी श्राद्धाचं अन्न अस्पृश्य मानलेल्यांना वाढलं आणि गावाचा रोष ओढवून घेतला, अशी परंपरा सांगते. वेदीपुढचा तो कठडा पाहताना मला नाथांचं ते अंगण दिसतं. दोन्हींची श्रद्धा वेगळी, वाटा वेगळ्या. पण जेवणाशिवाय माणूस जवळ येत नाही, हे दोन्हीकडे जाणलेलं आहे.

जात चर्चच्या दाराशी विरून गेली, असं मात्र नाही. सोयरिकीच्या बोलण्यात ती अजून डोकावते. आणि 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. कठड्याशी बरोबरीने गुडघे टेकलेला माणूस बाहेर आल्यावर कुठल्याच रकान्यात नीट बसत नाही. हे दुःख मंडळीतली जुनी माणसं फारसं बोलून दाखवत नाहीत, पण ते आहे.

कोरोनानंतर काही मंडळ्यांत भाकर द्राक्षारसात बुडवून देऊ लागले. आजाराची भीती खोटी नव्हती, आणि तशा देण्याने प्रभुभोजन उणं होत नाही, हेही मान्य. तरीही बिशपांनी डोक्यावर हात ठेवून ज्यांचं विश्वासात दृढीकरण केलं, त्या पोरापोरींनी पहिल्या वेळी तरी प्याल्याला ओठ लावून प्यावं, असं मला मनापासून वाटतं. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या पणज्या कधीकाळी विहिरीपाशी घागर घेऊन, कुणी पाणी घालील का म्हणून ताटकळल्या असतील.